बाराव्या घराचा नंबर

रीताच्या मोबाइलवर अकराव्यांदा तेच कुलूप आलं. ‘तुमचे मोफत सात दिवस संपले. आठव्या धड्यासाठी पैसे भरा.’ मुलाखतीला उरले होते आठ दिवस.

रीता म्हणजे आमच्या एकोडीच्या शोभाताईची एकुलती लेक, नर्स. साकोलीच्या एका खाजगी दवाखान्यातली तिची नोकरी त्याच महिन्यात संपत होती. जर्मनीतल्या दवाखान्यांसाठी नर्स निवडणारी एक संस्था मोबाइलवर तिची परीक्षा घेणार होती. दहा मिनिटं जर्मन भाषेत बोलून दाखवलं, की पुढचं शिक्षण, विमान, सगळं त्यांच्याकडं. नाही जमलं, तर नाव खोडलं. दुसरी संधी नाही.

शिकवणारा मास्तर मोबाइलातच होता. आपण बोललो की उत्तर देतो, शंभरदा चुकलं तरी वैतागत नाही. पण फुकटात सातच दिवस, आणि रोज एकच धडा. आठवा धडा दवाखान्याचा, म्हणून तो पैशाचा.

आता लपवून काय उपयोग, या घोळाची अक्कल माझी. तलावाचं पाणी आपण पाळीनं घेतो, तसा मास्तरही पाळीनं घेऊ, असं मी मोनूच्या पानठेल्यावर बोलून बसलो. एका घरच्या नंबरावर सात दिवस, मग दुसऱ्या घरचा नंबर. बारा घरं, चौऱ्याऐंशी दिवस फुकट! गाव खूश. नवा नंबर दिसला की मास्तर पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतो, हे माझ्या ध्यानात आलं तोवर पाच घरं झाली होती, आणि नंबर देणं हा मान होऊन बसला होता. मान थांबवायचा कोणी?

त्यामुळं रीताला पहिले सात धडे असे पाठ, की शोभाताईची म्हैस सकाळी ‘गुटन मॉर्गन’ ऐकल्याशिवाय पान्हा सोडेना. आठव्या धड्यातलं मात्र अक्षर नाही.

“आई, मी माझ्याच नंबरावर पैसे भरते,” रीता म्हणाली. “आठशे नव्याण्णव रुपये. आत्ता उघडते आठवा.”

“अन् तुलारामभाऊले काय सांगू?” शोभाताईनं विचारलं. “बारावं घर त्यायचं. धान निसवाले आलं, लोंब्या बाहेर पडून राहिल्या, परवा आपली पाण्याची पाळी. अध्यक्ष रुसला तं आपलं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत जाईन?”

तुलाराम पाणीवाटपाचा अध्यक्ष. त्याच्या ओसरीवर आम्ही तिघं गेलो, तर ललिताबाईनं नवऱ्याचा मोबाइल पाटावर ठेवला होता. हळदकुंकू लावून.

रीतानं कुठलाही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तुलाराम सुपारी कातरत ऐकत होता. अडकित्ता थांबला.

“अकरा घराचे नंबर चालले. आमची बारी आली तं पैसे भराचे म्हनते. काहून वो? आमचा नंबर बाटला हाय का?”

“तसं नाही, काका. तुमच्या नंबरावर पुन्हा पयल्यापासून लागन. सात दिवसांनी सातवाच धडा. अन् आठव्या दिवशी मुलाखत.”

“बाकीच्याच्या येळी सात धडे पुरले. आमच्याच येळी कमी पडले?”

“हौ ना,” ललिताबाई म्हणाली. “मी माहेरी सांगून बसली.”

शोभाताईनं लेकीचा हात दाबला, गप्प राहा म्हणून. रीता गप्प राहिली नाही. “काका, मी नापास झाली तं हा नंबर कोणत्या कामाचा?”

तुलारामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणखी एक शब्द, आणि धानही गेलं असतं, जर्मनीही. रीतानं माझ्याकडं पाहिलं. गावच्या नात्यानं ती मला आबाजी म्हणते. आबाजी, घोळ तुम्हीच घातला, तुम्हीच निस्तरा, अशी ती नजर.

“तुलारामभाऊ बरोबर बोलून राहिला,” मी म्हणालो. रीताची नजर आणखी कडक झाली. “फक्त एक गोष्ट मनात येते. सांगू का नोको?”

“सांग ना गा, सेवकराम.”

“फुकटवाल्याले कंपनी कुलूप लावते, बाहेर हाकलते. आमचं चालते, आम्ही कोण? पण पैसे भरते त्याच्या नावावर सोन्याचा मुकुट लावते. अध्यक्षाचं नाव फुकट्यायच्या यादीत जावं, हे मले काही शोभत नाही वाटत.”

“मुकुट लावते? खरं काय वो रीता?”

“लावते, काका,” रीता सावकाश म्हणाली. माझ्या बोलण्यात तेवढं तरी खरं होतं.

तुलारामनं मोबाइल पुसला, चष्मा चढवला. “महिन्याचा हाय, वर्षाचा हाय. मुकुट कोणत्यात मोठा?”

“वर्षाच्यात,” मी म्हणालो. हे मात्र साफ खोटं.

त्यानं पिन टाकला. स्क्रीनवर चक्र फिरू लागलं. फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. तुलाराम पुटपुटला, “जाऊ द्या, फुकटचंच लावू.” तेवढ्यात टिंग वाजलं आणि त्याच्या नावावर मुकुट बसला.

खाली लिहून आलं : ‘धडा पहिला.’

“पुन्हा पयला?” शोभाताई ओरडली.

“पैसेवाल्याले रोज एकाचं बंधन नाही, आई.” रीताची बोटं सुरूही झाली होती. अकरा वेळा घोटलेले सात धडे तिनं चाळीस मिनिटांत उडवले, आणि त्याच ओसरीवर दवाखान्याचा धडा उघडला. मोबाइल तुलारामचा, म्हणून पुढचे आठ दिवस ती तिथंच बसली. तुलाराम मागं उभा.

मुलाखत शोभाताईच्या घरी होती, तिथंही तो आला. समोर स्क्रीनवर पिकल्या केसांची बाई, शेजारी एक माणूस रोगी बनलेला. आम्हाला दाराआड दम होता, खोकायचं सुद्धा नाही.

नाव, गाव, घरची माणसं, सगळं सुरळीत गेलं. मग रोग्यानं पोट धरलं आणि भराभर काहीतरी बोलला. रीताच्या पदरी एक शब्द पडला नाही. तो पुन्हा बोलला, आणखी जोरात. बाईनं पेन उचललं. ते कागदाला टेकलं.

“बिट्टे,” रीता म्हणाली. “लांगझाम.” म्हणजे जरा सावकाश बोला. हे बाराव्या धड्यात होतं; तुलारामच्या ओठांवरून कळलं, तो सोबत पुटपुटत होता.

रोगी सावकाश बोलला. रीतानं एक शब्द पकडला, मग दुसरा. कुठं दुखतं? कधीपासून? काय खाल्लं? प्रश्न तुटक होते, पण आवाज आता नर्सचा होता. माणसानं पोट धरलेलं विसरून उत्तरं दिली. बाई बराच वेळ लिहीत राहिली. चांगलं की वाईट, चेहऱ्यावरून काही कळेना.

तीन दिवस शोभाताईच्या घरी रीताचा मोबाइल कोणी खाली ठेवला नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्यावर संस्थेचं पत्र आलं. निवड झाली.

रीता धावत तुलारामच्या ओसरीवर गेली, पाया पडली. ललिताबाई रडली, मग माहेरी फोन लावायला आत पळाली.

“आता तुमचा प्लॅन बंद करून देऊ का, काका?” रीतानं विचारलं.

“पैसे वापस येतीन?”

“नाही. वर्ष पुरं भरलं तुम्ही.”

“मंग बंद कायले करतं?” तुलारामनं तिच्या हातून मोबाइल घेतला. “अकरा महिने वाया जाऊ देऊ का? बस इथं. मी मागून मागून लय ऐकलं, आता मास्तरसमोर बोलून पायतो. चुकलं तं तू सांगजो.”

त्यानं घसा खाकरला आणि पहिला धडा दाबला.