मागच्या दाराचं कुलूप

यमीना माझ्याच शाळेत इतिहास शिकवायची. ब्लिदा शहरातल्या आमच्या शाळेचे मुख्तार सर तोवर निवृत्त झाले होते, पण आम्ही दोघी त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि नोकरीलाही त्यांनीच लावलं. त्या वर्षांत रोज कुणी ना कुणी मारलं जाई. डोंगरातले बंदूकवाले शाळा बंद करा म्हणून धमकावत, आणि सर प्रत्येक मयताच्या घरी जाऊन सगळ्यांदेखत म्हणत, "मारणाऱ्यांची नावं घ्या रे. असं तोंड शिवून किती दिवस जगाल?" मग त्यांच्याच दाराखालून धमकीची चिठ्ठी आली. तेव्हापासून ते कुणाकडे जात नसत. बाहेर पडलेच तर वाट बदलून.

यमीनाचा धाकटा भाऊ लख्दर सरांना शिव्या घालायचा. वडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. त्याच्यापायी स्वतःला आलेली स्थळं परत पाठवली. त्यामुळे एक दिवस तो आपणहून म्हणाला, "ताई, सरांना शुक्रवारी जेवायला बोलाव ना. मी त्यांना वाटेल ते बोललो," तेव्हा तिला भरून आलं.

सर लगेच तयार झाले नाहीत. "अगं, मी आता पाहुणा म्हणून कुणाला परवडत नाही."

"माझ्या घरी तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"मग मटण मऊ शिजव. दात राहिले नाहीत."

त्या शुक्रवारी लख्दरनं स्वतः सरांच्या हातावर पाणी घातलं, कुसकुसाच्या वाफवलेल्या रव्यावर रस्सा वाढला, ताकाचा पेला भरून दिला. यमीनाची आई म्हणाली, "बघा, शेवटी तुमचाच विद्यार्थी." सर हसले. निघताना ते सवयीनं मागच्या दाराकडे वळले. तिकडून संत्र्यांच्या बागेतून थेट त्यांच्या गल्लीत जाता येई.

"ते कुलूप गंजलंय सर, उघडत नाही," लख्दर म्हणाला. "पुढूनच जा."

सर पुढून गेले. कोपऱ्यावर त्यांना गोळ्या घातल्या. यमीना तशीच खरकट्या हातांनी धावली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून ते गेले.

मयत उठल्यावर ती घरी आली आणि मागच्या दाराशी गेली. किल्ली लावली. कुलूप उघडलं.

लख्दर अंगणात बसला होता.

"कुलूप चांगलं आहे, लख्दर."

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "नुसता दम देणार म्हणाले होते."

"दम द्यायला पुढचं दार कशाला लागतं?"

"तू कशाला जिवाला लावून घेतेस, ताई? तू फक्त जेवायला बोलावलंस."

हे तिनं मला नंतर सांगितलं.

ती ठाण्यात जायला निघाली तेव्हा आईनं तिचा हात धरला. "पोटचा आहे गं माझा. दुपारची नमाज होऊ दे. मीच त्याला समजावते, मीच घेऊन येते. आपल्या पायानं हजर झाला तर निदान जीव तरी वाचेल." यमीना थांबली. नमाज झाली. घरात आई एकटीच होती. लख्दर मामाच्या फळांच्या ट्रकमधून डोंगराकडे निघून गेला होता.

"तू मला शब्द दिला होतास, आई."

"तूही सरांना दिलाच होतास की," आई म्हणाली.

तरीही यमीना गेली. भावाचं नाव सांगितलं, मामाचंही सांगितलं, खाली सही केली. परत आली तर तिचे कपडे पायरीवर टाकलेले. तिथून ती वर्दाकाकूंकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे गेली आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"सकाळी मी त्यांना म्हटलं होतं, नका जाऊ," काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, यमीनाचं घर आहे." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तेव्हापासून ती माझ्या वरच्या खोलीत राहते. शाळेत काही जणी तिला 'भाऊ विकणारी' म्हणत, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. ती तास चुकवत नसे.

काही वर्षांनी सरकारनं माफी जाहीर केली. डोंगरातून खाली या, शस्त्रं टाका, मागचं कुणी विचारणार नाही. लख्दर दाढी करून, नवा कोट घालून परत आला. आईनं गल्लीत मिठाई वाटली. यमीनाच्या सहीचा कागद कुठं गेला ते ठाण्यात कुणाला सांगता येईना. "बाई, आता कशाला उकरून काढता?" एवढंच म्हणाले.

बाजारात तो आम्हाला समोरच भेटला. चेहरा वाळला होता, पण हसला अगदी लहानपणी हसायचा तसाच.

"ताई, झालं ते झालं. कायद्यानं मला माफ केलं."

"कायद्याला मी जेवायला बोलावलं नव्हतं," ती म्हणाली.

"आई रोज तुझी आठवण काढते."

"वर्दाकाकूंकडे गेलास का?"

तो इकडेतिकडे बघू लागला. "त्यांना काय सांगू?"

"कुलपाचं सांग."

तिनं गाजरं निवडून घेतली आणि आम्ही निघालो. वाटेत तिनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखत होतं. मी सोडवला नाही. लख्दर काकूंकडे गेला नाही. त्यानं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान टाकलंय, आणि आमच्या शाळेतल्या मुली तिथं रिचार्जला जातात.