सकाळी बरी असलेली बाई

सकाळी नऊ वाजता गुणमाला ठणठणीत असायची. तिच्या सगळ्या दुखण्याची अडचण हीच होती, कारण डॉक्टर सकाळी नऊलाच बघायचे.

ती कुंडलच्या एका मुलींच्या शाळेत चौथीला शिकवायची. वय अठ्ठावीस. नवरा धनपाल, त्याचं विहिरीवरच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. सत्त्याहत्तर सालचा उन्हाळा लागतानाच तिला पहिल्यांदा एकाचे दोन दिसायला लागले. तेही संध्याकाळीच. मग डावी पापणी उतरायला लागली. मग दुपारनंतर आवाज नाकातून यायला लागला.

शाळेत त्याचा असा घोळ झाला की तिला रडावं की हसावं कळेना. चौथ्या तासाला शुद्धलेखन घालताना ती म्हणायची ‘बाग’, मुली लिहायच्या ‘माग’. ती म्हणायची ‘दादा’, मुली लिहायच्या ‘नाना’. हेडमास्तरांनी वह्या तपासायला नेल्या आणि तिला बोलावून घेतलं.

“बाई, अख्खा वर्ग एकच चूक करतो म्हणजे चूक वर्गाची नाही.”

“सर, मी बरोबर सांगते. दुपारनंतर आवाज बसतो.”

“आता तर स्वच्छ बोलताय.”

“आता अकरा वाजलेत.”

हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं.

घरी त्याहून वाईट. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं हा नेम. शाळा सुटून ती घरी येऊन पानावर बसेपर्यंत जबड्यातली सगळी ताकद संपलेली असायची. चार घास झाले की चावणं थांबायचं. हनुवटीला हाताचा टेकू देऊन ती पाचवा घास चावायची, आणि अर्धी भाकरी ताटात असताना सूर्य बुडायचा. मग उठायचं. भाकरी तशीच.

सासूबाई ते रोज बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, “सकाळी घागरी वढाय काय हुत न्हाई. शाळंत जायाला काय हुत न्हाई. माज्या हातची भाकरी दिसली की तोंड दुकतंय. लय शाणी हायस.”

“आक्का, मी मुद्दाम करते का?”

“मग काय त्वांड करतंय मुद्दाम?”

खरं तर तसंच काहीतरी होतं, पण ते गुणमालाला तेव्हा माहीत नव्हतं.

आठ महिन्यांत तीन डॉक्टर झाले. पहिल्यानं रक्त कमी म्हणून टॉनिक दिलं. दुसऱ्यानं चष्मा दिला. त्यातून संध्याकाळी दोन धनपाल आणखी स्वच्छ दिसायला लागले. तिसरा सांगलीच्या विश्रामबागेतला, नावाजलेला. त्यानं तिला डोळे मिटायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि मग तिच्याशी नव्हे, धनपालशी बोलला.

“लग्नाला किती वर्षं झाली? सहा? मूल नाही? मग झालं तर. हा मनाचा आजार आहे. बायकांना होतो.”

“डॉक्टर, संध्याकाळी बघा ना मला,” गुणमाला म्हणाली.

“संध्याकाळी मन जास्त कष्टी होतं,” डॉक्टर धनपालला म्हणाले.

धनपालनं मान हलवली. तीच मान हलवणं तिच्या डोक्यात जायचं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “तुम्ही रोज बघता ना मला? पापणी पडते का नाही?”

“पडती की.”

“मग सांगितलं का नाही त्यांना?”

“एवढं शिकल्यालं हायत ते. म्हणतायत तर आसंल.”

गावातला कोंडीबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. तो मोटार दुरुस्तीला घेऊन आला तेव्हा गुणमाला दुकानात डबा द्यायला गेली होती. तिची पापणी बघून तो म्हणाला, “वैनी, साताऱ्याला जावा. सदर बझारात आमचं मेजरसाब हायत, डॉक्टर जगदाळे. तोंडानं फाटकं, पर माणूस पारखी.”

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी रजा काढून दोघं निघाले. सहाची एसटी आलीच नाही. आठची आली ती कराडपर्यंत नीट गेली आणि उंब्रजच्या पुढं रस्त्यात उभी राहिली. धनपाल उत्साहानं ड्रायव्हरबरोबर इंजिनात डोकं घालून बसला. दीड तासानं हात पुसत आला आणि म्हणाला, “पंप गेलाय. हितं काय हुणार न्हाई.” मागून येणाऱ्या गाड्या भरलेल्या. एकीत जागा मिळाली तेव्हा तीन वाजून गेले होते. साताऱ्याच्या स्टँडवरून सदर बझारापर्यंत ती चालत गेली खरी, पण शेवटी शेवटी पाय उचलताना तिला धनपालचा दंड धरावा लागला.

डॉक्टर लालासाहेब जगदाळे स्वतःच दवाखान्याचं दार ओढून घेत होते. साठीचा ताठ माणूस, कुलूप हातात.

“पाच वाजले. उद्या रविवार. सोमवारी सकाळी नऊला या.”

“बरं साहेब,” धनपाल म्हणाला आणि वळलाच.

गुणमालाचं डोकं फिरलं.

“सोमवारी नाही,” ती म्हणाली. “सकाळी नाही. सकाळी आले तर मी बरी असते. आठ महिने मी सकाळी जाते आणि सगळे मला बरी म्हणून घरी पाठवतात. संध्याकाळी मला घास चावत नाही, पापणी उघडत नाही, आणि संध्याकाळी एकाही डॉक्टरचा दवाखाना उघडा नाही. आजारानं काय तुमच्या वेळेत यायचं? पहाटे पाचपासून मी…”

इथपर्यंत शब्द स्पष्ट होते. मग ‘दवाखाना’चा ‘नवाखाना’ झाला. जीभ जड झाली. तिला आणखी खूप सुनवायचं होतं आणि तोंड साथ देईना. डावी पापणी खाली आली, पाठोपाठ उजवीही.

“रागीट हाय जरा, साहेब,” धनपाल ओशाळून म्हणाला. “शाळंत शिकवती. मनाचा आजार हाय म्हणत्यात.”

“तुम्ही गप्प बसा,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी कुलूप खिशात टाकलं आणि दार उघडलं. “बाई, आत या. बसा. आणि बोलत राहा. शिव्या द्यायच्या तर शिव्या द्या, पण थांबू नका.”

“का… काय मोलू?”

“शिकवता ना? एक ते शंभर मोजा. मोठ्यानं.”

तिनं मोजायला सुरुवात केली. विसापर्यंत चौथीतल्या मुलींना ओळखू आले असते असे आकडे होते. तिशीनंतर नुसता नाकातला सूर. त्रेचाळीसला खालचा जबडा लोंबला आणि तिनं तो हातानं धरला. डॉक्टर नाडी धरून समोर बसले होते. त्यांचा चेहरा बदलला होता, पण तिला तो नीट दिसत नव्हता. दोन डॉक्टर होते आणि दोन्ही धूसर.

त्यांनी कपाटातून दोन कुप्या काढल्या, सिरिंज उकळून घेतली आणि दंडावर इंजेक्शन दिलं.

“आता वीस मिनिटं काही बोलायचं नाही.”

भिंतीवरचं घड्याळ आधी दोन होतं. पंधरा मिनिटांनी ती दोन घड्याळं एकमेकांकडे सरकली आणि एक झालं. पापण्या वर गेल्या. जबडा आपल्या जागी मिटला. गुणमालानं घसा साफ केला.

“चव्वेचाळीस,” ती म्हणाली. स्वच्छ. “पंचेचाळीस. सेहेचाळीस.”

कुणी सांगितलं नव्हतं तरी ती शंभरपर्यंत गेली. एकेक आकडा धनपालच्या तोंडावर मारल्यासारखा. धनपाल खुर्चीवर बसून खाली बघत होता.

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर दोन रेघा काढल्या. “ही नस. हा स्नायू. मधे बारीकशी फट असते. हात उचल, घास चाव, असा हुकूम मेंदूकडून नसेतून येतो. नसेच्या टोकाला एक रसायन सुटतं. ते पकडायला स्नायूच्या पेशीवर एक प्रथिन असतं. त्याला रिसेप्टर म्हणतात. त्यानं रसायन पकडलं तर स्नायू हलतो. अशी लाखो असतात.”

“माझी कमी आहेत?”

“कमी झालीत. शरीर बाहेरच्या जंतूंशी लढायला जी प्रतिद्रव्यं तयार करतं, ती तुमच्यात या रिसेप्टरवरच उलटलीत. परदेशात गेल्या चार-पाच वर्षांतच हे कळलंय. झोपेतून उठल्यावर रसायन भरपूर असतं, थोड्या रिसेप्टरवर काम भागतं. वापरून वापरून ते कमी पडायला लागलं की स्नायू थकतात. म्हणून तुमची संध्याकाळ वाईट. मी दिलं ते औषध रसायन लवकर मोडू देत नाही. रिसेप्टर वाढत नाहीत त्यानं, पण आहेत त्यांना पुन्हा पुन्हा संधी मिळते.”

“म्हणजे मनाचं नाही.”

“नाही.”

“आळस नाही.”

“नाही, बाई.”

“हे लिहून द्या,” गुणमाला म्हणाली. “मराठीत द्या. हेडमास्तरांना इंग्रजी येतं, पण मला ते घरी वाचून दाखवायचंय.”

डॉक्टर लिहायला बसले. लिहिता लिहिताच बोलायला लागले.

“सहासष्ट साली माझ्याकडे एक जवान होता, नाथाजी. इथलाच, जावळीतला. सकाळच्या पीटीत सगळ्यांच्या पुढं. संध्याकाळी रायफल खांद्यावर ठरायची नाही. त्याला माझ्याकडे पाठवायचे सकाळी. मी तपासायचो आणि फिट लिहायचो. तिसऱ्यांदा मी त्याच्या कागदावर ढोंग असं लिहिलं. त्याला शिक्षा झाली, पाठीवर ओझं घेऊन पळायची. आठव्या दिवशी संध्याकाळी पाणी पिताना ठसका लागला, आणि श्वासाचे स्नायूच चालेनात. मग मी पुस्तकं काढली.”

धनपाल म्हणाला, “अरेरे.”

गुणमालाचा राग पुन्हा वर आला. इंजेक्शननं मिळालेला आवाज होता, तो तिनं वापरला.

“आणि हे माहीत असून तुम्ही पाचला दार बंद करता?”

डॉक्टरांचं पेन थांबलं.

“त्याच्या घरी कळवलंत?”

“काय कळवायचं? गेलेला माणूस.”

“मला जे लिहून देताय ते. त्याच्या घरी अजून ढोंगी म्हणूनच माहीत असेल तो. मला आठ महिने झाले तर जीव नकोसा झालाय. त्यांना अकरा वर्षं झाली.”

“गुणा,” धनपाल म्हणाला, “साहेबांना असं…”

“तुम्ही गप्प बसा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी कागद तिच्या हातात दिला.

घरी आल्यावर तिनं तो कागद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी रिसेप्टर हा शब्द दोनदा म्हणवून घेतला.

“म्हंजे ढोंग न्हवतं,” त्या म्हणाल्या.

“नव्हतं.”

“मग आदीच का न्हाई सांगितलंस?”

गुणमालानं कागद घडी घालून ठेवला. त्या क्षणी तिला पुन्हा एक ते शंभर मोजावेसे वाटले.

गोळ्या सुरू झाल्या. दर चार तासांनी एक. गोळीनं पोटात मुरडा यायचा, तोंडाला पाणी सुटायचं, पण संध्याकाळच्या पानावर बसायच्या अर्धा तास आधी घेतली की दिवस मावळायच्या आत भाकरी संपायची. गोळ्या सांगलीत कधी मिळायच्या, कधी नाही. मग पुण्याहून मागवायच्या. एकदा आठवडाभर मिळाल्या नाहीत आणि तिनं तो आठवडा पातळ भातावर काढला.

हेडमास्तरांनी दाखला फाईलला लावला आणि फार दिलगिरीनं तिच्याकडून चौथी काढून घेऊन वाचनालयाच्या किल्ल्या दिल्या. तिनं दोन महिने भांडून चौथी परत मिळवली. शुद्धलेखनाचा तास तेवढा पहिला करून घेतला. आधी सगळे तिला आळशी म्हणायचे. आता पाण्याची बादली उचलली तरी शेजारणी धावत यायच्या. गुणमाला म्हणायची, “मला हात आहेत. संध्याकाळचं विचारा, आता दुपारचे बारा वाजलेत.”

छातीतली एक ग्रंथी काढली तर काहींना फरक पडतो, असं डॉक्टर जगदाळ्यांनी कळवलं होतं. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघं मद्रासकडच्या एका मोठ्या इस्पितळात जाऊन ते ऑपरेशन करून आले. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरनं सकाळच्या फेरीत तिला बघून लिहिलं, ‘अशक्तपणा आढळला नाही’. तेव्हा धनपाल मोडक्या इंग्रजीत त्याला म्हणाला, “नो सर. इव्हिनिंग. यू कम इव्हिनिंग.” आणि तो डॉक्टर संध्याकाळी येईपर्यंत दारातच उभा राहिला.

फरक लगेच पडला नाही. वर्षभरात गोळ्या निम्म्यावर आल्या. काही संध्याकाळी पापणी पडायचीच.

ऑपरेशनच्याच वर्षी पावसाळ्यात साताऱ्याहून एक पोस्टकार्ड आलं होतं. डॉक्टर जगदाळ्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ते नाथाजीच्या गावी जाऊन आले. आई, राहीबाई, हयात आहे. तिच्यासमोर भावकीतल्या चौघांना बसवून त्यांनी सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. फौजेच्या कचेरीलाही पत्र घातलंय, तिथून अजून काही आलेलं नाही. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की त्यानं तुमाला संध्याकाळी बगा म्हणून सांगितलं न्हवतं का? सांगितलं होतं, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, ‘चहा न घेता परत आलो.’

गुणमालानं कार्ड दोनदा वाचलं आणि दुकानात जाऊन धनपालला दिलं. तो एका मोटारीचं वाइंडिंग करत होता. त्यानं हात पुसून कार्ड सावकाश वाचलं.

“बिचारे डॉक्टर,” तो म्हणाला.

“डॉक्टर?” गुणमाला म्हणाली. “डॉक्टर बिचारे?”

धनपालनं तिच्याकडे पाहिलं, कार्ड पुन्हा उलटंसुलटं केलं आणि आपलं काय चुकलं ते त्यात शोधायला लागला.