रंग काढलेले अप्पा

सीमेलगतच्या शहरातल्या शुक्रवार पेठेत, त्या घरात एक रिवाज होता. माणूस गेलं की त्याच्या फोटोतला रंग काढायचा. हा रिवाज काशम्मांच्या सासऱ्यांनी पाडलेला. भिंतीकडं बघितल्याबरोबर कळलं पाहिजे, कोण आहे आणि कोण नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून थोरल्या जाऊबाईंचा मोबाइलवर काढलेला फोटो, चांगला भडक गुलाबी साडीतला, तोसुद्धा स्टुडिओवाल्याकडून काळापांढरा करून घेतला आणि मगच त्याला चंदनाचा हार घातला. पेठेतले लोक हसायचे. काशम्मा मात्र रोज त्या भिंतीला हात जोडायच्या आणि रोज तेच मागायच्या: ह्यांच्या आधी मला ने, भरल्या कपाळानं ने.

बाईची हाव ती एवढीच. आणि हे, म्हणजे सिद्धलिंगप्पा, घरादाराचे अप्पा, न्हाणीत पाय घसरून दवाखान्यात पडले होते. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. काशम्मांचे गुडघे जिना उतरू देत नव्हते, त्यामुळे त्यांना जे काही कळायचं ते मुलाच्या, महेश्वरच्या तोंडून. तो रोज सांगायचा, "अप्पा बरं हायत, अव्वा." आता 'बरं हायत' या दोन शब्दांवर काशम्मांचा काडीचाही विश्वास नव्हता. अक्कलकोटचा त्यांचा भाऊ गेला तेव्हाही सगळे वाटभर बरं हाय, बरं हाय असंच म्हणत होते. दारात गाडी थांबली तर आतून मयताचं भजन ऐकू आलं.

त्या दिवशी सून शिवलीला गिरणीत दळण आणायला गेली होती. काशम्मा दोडका चिरत बसल्या होत्या. स्टुडिओचा माणूस आला, कागदात बांधलेली मोठी फ्रेम देऊन गेला. कशाची म्हणून काशम्मांनी कागद फाडला.

फोटो त्यांचाच होता, पुतणीच्या लग्नातला, दोघं शेजारी बसलेले. पण अप्पा राखेच्या रंगाचे झाले होते. डोक्यावरचा पटका राखाडी, ओठ राखाडी, मागची झेंडूची तोरणंसुद्धा राखाडी. त्या सगळ्या राखेत एकट्या काशम्मा हिरव्यागार इरकल साडीत, लालभडक कुंकू लावून, दात दाखवून हसत होत्या.

त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. रडू येईना. आला तो संताप. माणूस गेलं, फोटो करायला टाकला, करूनही आला, आणि मी हितं दोडका चिरतीया! मला सांगायचं कुणाच्या जिवावर आलं?

त्या भिंतीला धरून उठल्या आणि आरशासमोर गेल्या. कपाळावरची विभूती तेवढी राहू दिली. कुंकू पदरानं पुसलं, खसाखसा पुसलं. बांगड्या उतरवायला गेल्या तर सुजलेल्या मनगटात दोन पिचल्या, बाकीच्या कशाबशा निघाल्या. मंगळसूत्राला हात घातला आणि तिथं मात्र बोटं ऐकेनात. हात तसाच गळ्याशी धरून त्या खाली बसल्या.

शिवलीला जिना चढून आली ती दारातच थबकली. सासूचं कपाळ पांढरं, पुढ्यात काचांचा सडा. फोटो उपडा पडलेला, तो तिला दिसलाच नाही. तिला वाटलं, दवाखान्यातून घरी फोन आला. दळणाची पिशवी हातातून सुटली, जमीनभर पीठ झालं, आणि तिनं हंबरडा फोडला, "अप्पा वोऽऽ!"

काशम्मांच्या मनात कुठंतरी धागाभर आशा होती, की आपलीच काहीतरी चूक होत असेल. सुनेच्या त्या आवाजानं तो धागाही तुटला. सुनेला ठाऊक आहे, म्हणजे खरंच आहे. इकडं सून सासूकडं बघून रडत होती, कारण सासूनं कुंकू पुसलंय म्हणजे खरंच आहे. शेजारपाजारच्या बायका धावत आल्या आणि त्याही रडायला लागल्या. कुणी कुणाला काही विचारलं नाही. असल्या वेळी विचारतं कोण?

एवढ्यात पिठात पडलेला शिवलीलाचा मोबाइल वाजला. एका बाईनं तो उचलून कानाला लावला आणि तिचा चेहराच बदलला. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला. महेश्वर ओरडत होता, "अगं, डबा कुटं हाय? अप्पा भुकेनं पेटलेत हितं!"

बायकांनी डोळे पुसले. शिवलीलानं उपडा पडलेला फोटो सुलटा केला आणि स्टुडिओवाल्याला फोन लावला.

मग एकेक उलगडत गेलं. पुण्याला शिकणाऱ्या नातीनं, श्रीदेवीनं, आज्जीआजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून गुपचूप फोटो करायला दिला होता. बाकी सगळं काळंपांढरं आणि एकच माणूस रंगीत, अशी हल्ली टूम आहे म्हणे. कोण रंगीत ठेवू, असं तिनं फोनवर आजोबांनाच विचारलेलं. आणि अप्पांनी ऐटीत सांगितलं होतं, "आपल्या घरात रंग काय तो काशीचा. तिचा तेवढा ठेव."

"आता कुंकू लावा वो अव्वा," बायका म्हणायला लागल्या.

"बघितल्याबिगर न्हाय."

"व्हिडिओ कॉल लावू का?"

"फोटोनंच माझी ही दशा केली. डोळ्यांनी बघीन, मगच."

शेवटी खुर्चीत बसवून त्यांना जिना उतरवला आणि रिक्षात घातलं.

अप्पा उशीला टेकून बसले होते. डब्याची वाट बघत होते, म्हणून दारात बायको दिसताच आधी खूश झाले. मग त्यांची नजर तिच्या कपाळावर गेली, तिथून मनगटांवर.

"एनातु?" कन्नडमध्येच विचारलं त्यांनी, काय झालं म्हणून. कुंकू पुसतात ते नवऱ्यामागं, आणि नवरा तर इथं जिवंत बसलेला. मग हिनं हे कुणासाठी? त्यांना हळूहळू कळलं. आपली बायको आपल्यामागं कशी दिसेल, हे कुठल्या नवऱ्याला बघायला मिळतं? अप्पांना मिळालं. 'मी मेलो की सुटलीस बघ' असं उभा जन्म चेष्टेनं म्हणणारा तो माणूस, त्यानं हातानं तिला जवळ बोलावलं.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको अक्कलकोटची होती. तिच्याकडं पुडीत कुंकू होतं, ते तिनं पुढं केलं. काशम्मा वाकल्या. अप्पांनी तिची हनुवटी धरून बोटानं कुंकू लावलं, निम्मं तिच्या नाकावर सांडलं. पण त्यांनी तिची हनुवटी सोडली नाही.

"काशी, उद्या मी खरंच गेलो, तर हे पुसायचं न्हाय."

"अवो, काय अभद्र बोलताय!"

"पुसायचं न्हाय म्हणतो ना. मी आत्ता बघितलं. मला बघवलं न्हाय."

काशम्मांनी पन्नास वर्षांत या माणसाचं एक वाक्य वादाशिवाय ऐकून घेतलं नव्हतं.

"न्हाय पुसणार," त्या म्हणाल्या. आणि तो मेला असं समजून ज्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती त्या भरल्या वॉर्डात, सगळ्यांदेखत, ओक्साबोक्शी रडायला लागली.