एकतर्फी मागणं

गंपोल्याच्या विहारात, पौर्णिमेच्या दुपारी, एकनायक सरांनी पाऊण तासात पुनर्जन्म रद्द केला.

समोर पांढऱ्या कपड्यांतली तीनशे माणसं बसली होती. पौर्णिमेचं शील घेतलेलं, दुपारनंतर पोटात अन्न नाही. अशा माणसांना पुढचा जन्मही मिळणार नाही असं सांगणं तसं निर्दयपणाचं होतं. पण सरांनी तीस वर्षं पाली शिकवली होती. भुकेल्या वर्गाची त्यांना सवय होती.

"भगवंतांनी आत्माच नाकारला," सर म्हणाले. "मग इथून उठून पुढच्या जन्मात जातं कोण? सामानच नाही, तर हमाल कशाला? पुनर्जन्म ही नंतरच्या मंडळींनी घातलेली भर. मूळ उपदेशात तो नाही."

थोरले भंते ताडपत्राच्या पंख्याआडून म्हणाले, "वातीवरून वात लावली, सर, तर पहिलीतलं काय दुसरीत गेलं ते दाखवता येत नाही. पण दुसरी पेटलेली तर दिसते. आणि बोधी झाली त्या रात्री भगवंतांना मागचे जन्म आठवले, हे जुन्यात जुन्या सुत्तांत आहे."

"तीही भर," सर म्हणाले.

सरांची पद्धत सोपी होती. पटलं ते मूळ, न पटलं ती भर. या पद्धतीवर त्यांनी तरुणपणी एक पुस्तिका लिहिली होती, मागे मूळ सुत्तांच्या यादीसकट. ती विहाराच्या कपाटात होती आणि कुणी नेत नसल्यामुळे उत्तम स्थितीत होती.

व्याख्यान संपल्यावर सर नेहमीप्रमाणे बोधिवृक्षापाशी बायकोच्या मागे, तिची छत्री आणि पिशवी सांभाळत उभे राहिले. रनमेनिकाबाईंनी खोबरेल तेलाचा दिवा लावला, चाफ्याची फुलं ठेवली, आणि मागणं सुरू केलं. केलेल्या पुण्याच्या जोरावर काही मागून घ्यायचं, ही रीत. बाईंचा क्रम एक्केचाळीस वर्षं ठरलेला होता. आधी देवांना आणि गेलेल्यांना पुण्याचा वाटा, मग दारचे मिरीचे वेल, मग घरच्यांच्या प्रकृती. हल्ली त्यात कुरुनेगलला दिलेल्या लेकीची कंबर. आणि शेवटी, "निर्वाण मिळेपर्यंत जितके जन्म घ्यावे लागतील, तितक्या जन्मी हाच नवरा मिळू दे."

हे वाक्य आलं की सर दर पौर्णिमेला वर पिंपळपानांकडे बघत आणि 'काय हा अडाणीपणा' असं मनात म्हणत. म्हणताना त्यांचा चेहरा मात्र लग्नाच्या फोटोत आहे तसा व्हायचा.

आज मिरी झाली, लेकीची कंबर झाली, आणि बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"झालं?" सरांनी विचारलं.

"झालं."

"काही राहिलं नाही ना?"

"काय राहणार? छत्री द्या इकडे."

घराच्या उतारावर सरांनी पुन्हा घसा खाकरला. "शेवटी तुझं एक असतं बघ. नेहमीचं."

"तुमचं होय?" बाई म्हणाल्या. "अहो, तुम्हीच माईकवरून सांगितलंत, पुढचा जन्म नाही म्हणून. दुकान बंद झालं म्हटल्यावर फळीशी उभं राहून काय मागू? लोक हसतील."

"ते माझं मत आहे, मेनिके. तात्त्विक."

"पटलं की मला! केवढं हलकं वाटतंय म्हणून सांगू. मी आपली धरून चालले होते, कितीतरी जन्म तुमच्या दम्याला धन्या-सुंठीचे काढे उकळायचेत."

सरांना आयुष्यात मिळालेला हा पहिला अनुयायी. आनंद व्हायला हवा होता.

त्यानंतर सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं. जुनी सुत्तं काढून ते बसू लागले आणि समासात स्वतःच लिहिलेल्या 'भर' या शब्दापुढे पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्हं काढू लागले. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "मेनिके, 'नाही' म्हणणं जरा घाईचं झालं. 'सिद्ध झालेलं नाही' असं म्हणू."

"म्हणा की," बाई फणस चिरत म्हणाल्या. "सिद्ध झालं की मागेन. मला कसली घाई?"

शेवटी सर विहारात गेले. "भंते, हिला जरा समजावा."

"काय समजावू? पुनर्जन्म आहे म्हणून? तुमच्या वतीनं?"

सरांनी हळूच मान डोलावली.

"आणि त्यात एक अडचण आहे," भंते म्हणाले. "एका म्हाताऱ्या जोडप्याला भगवंतांनी सांगितलंय, नवरा-बायकोला पुढच्या जन्मीही भेटायचं असेल तर दोघांची इच्छा हवी. शिवाय दोघांची श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा सारखी हवी. एकतर्फी मागणं चालत नाही. तुम्ही कधी मागितलंत?"

"मी? मी छत्री धरून असतो."

"हे सुत्तही भरच असेल म्हणा." भंतेंनी कपाटातून पुस्तिका काढली आणि मागचं पान सरांपुढे धरलं.

सुत्त 'मूळ' यादीत होतं. सतराव्या क्रमांकाला, खाली दोन रेघा. पस्तिशीत सरांना त्यातली नवरा-बायकोची बरोबरी फार आधुनिक वाटली होती. पुढच्या जन्माची ओळ त्या भरात वाचायचीच राहिली होती.

"प्रज्ञेत तुम्ही कमी पडाल," भंते मायेनं म्हणाले. "पण प्रयत्न करायला हरकत नाही."

पुढच्या पौर्णिमेला सरांनी छत्री भिंतीला टेकवली आणि ते बायकोच्या शेजारी गुडघ्यांवर बसले. दोन्ही गुडघे वाजले. बाईंनी डोळे उघडून पाहिलं.

"पुनर्जन्म जर असेल," सर हात जोडून पुटपुटले, "आणि तो आहेच असा माझा दावा नाही, तर सद्यःस्थितीत उपलब्ध पुराव्यानुसार..."

"अहो, मागताय की शिकवताय?"

"मागतोय."

"मग मोठ्यानं मागा. मागच्या वेळी माईक होता हातात."

आजूबाजूला तीच माणसं होती, व्याख्यान ऐकलेली. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि वर्गात ओरडायचे त्या आवाजात म्हणाले, "जितके जन्म असतील तितक्या जन्मी हीच बायको मिळू दे!"

मग दिव्यांच्या रांगेमागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "साधु! साधु! साधु!" आणि पाचपंचवीस जण खुदखुदत तिच्यामागोमाग म्हणाले.

रनमेनिकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटले. देवांचा वाटा झाला, गेलेल्यांचा झाला, मिरी झाली, लेकीची कंबर झाली. सरांनी श्वास रोखून धरला होता आणि दम्याच्या माणसाला ते सोपं नसतं.

"निर्वाण मिळेपर्यंत जितके जन्म घ्यावे लागतील," बाई म्हणाल्या, "तितक्या जन्मी हाच नवरा मिळू दे."

मग थोडं थांबून, शेजारच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी जोडलं, "आणि निर्वाणाची तशी घाई नाही."

शेजारच्याला ऐकू गेलं.