मध्येच वाकणारी फळी

सुतारकाकांनी फळी खांद्याशी टेकवली, डावा डोळा मिटला आणि कडेवरून नजर टाकली. मध्यावर पुन्हा बाक! त्यांनी परत रंधा उचलला.

"अहो, पुरे. तासून तासून फळीची काडी होईल," काकू दारातून म्हणाल्या.

कालच एक गिऱ्हाईक कपाटाचं दार परत घेऊन आलं होतं. सरळ करता करता काकांनीच ते वाकडं करून ठेवलं होतं. ज्या कामावर ते आयुष्यभर मान ताठ ठेवून जगले, तेच आता जमेना. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"हात गेला माझा. दुकान बंद करू."

"सकाळी खिडकीचे गज वाकलेत म्हणालात. ते काय तुम्ही तासलेत?" काकूंनी चपला पायात सरकवल्या. "चला, डोळे दाखवू."

डॉक्टरीणबाईंनी चौकटी आखलेला कागद समोर धरला. डाव्या डोळ्याला सगळ्या रेघा सरळ दिसल्या, उजव्याला मधल्या तेवढ्या नागमोडी.

"डोळ्याच्या आत, मागे पडदा असतो," बाई म्हणाल्या. "उजव्या पडद्यावर मधोमध सायीसारखा पातळ थर धरलाय. तो आकसला की पडदा चुरगळतो, म्हणून मधलं वाकडं दिसतं. सध्या नुसतं लक्ष ठेवू. वाढलंच तर ऑपरेशन करता येतं."

"म्हणजे फळी सरळ होती?"

"फळीचं मला काय माहीत!"

"आणि हात?"

"हाताला काय झालंय?"

काका हसतच सुटले. जन्मभर त्यांनी उजव्याच डोळ्याने लाकूड पारखलं होतं आणि खोट नेमकी तिथेच निघाली होती! आनंदाच्या भरात ते दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून बाहेर पडले.

दुकानात परतल्यावर आता फळी डाव्या डोळ्याने पाहायची होती. पण उजवा एकटा मिटेचना. दोन्ही मिटत, वर तोंड वेडंवाकडं होई. काकूंची हसून पुरेवाट झाली. शेवटी त्यांनी मागे उभं राहून काकांच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"दिसतंय का?"

"सुतासारखी सरळ!"

मग रोज तसंच चालू झालं. आठवड्याने कपाटवाला नवं दार न्यायला आला, तेव्हाही दोघं तशीच उभी होती.

"काका, काकूंना कशाला त्रास? औषधांच्या दुकानात डोळ्यावर लावायची पट्टी मिळते."

"मिळते की," फळीवरची नजर न काढता काका म्हणाले. "खिशातच आहे माझ्या."

"आणि मला सांगितलं नाहीत?" काकू फणकारल्या.

हात मात्र त्यांनी काढला नाही.