बरणीतला लॅम्प्रे

दिशाने तो फोटो गंमत म्हणून काढला होता. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये फॉर्मॅलिनच्या बरणीत एक परदेशी लॅम्प्रे होता. वाम माशासारखा लांबुळका, जबडा नसलेला, वाटोळ्या तोंडात दातांची वर्तुळं. तिने फक्त तोंड टिपलं आणि स्टेटसला लिहिलं, ‘सावधान, मुरुडच्या समुद्रात आलाय.’

तिसऱ्या दिवशी तोच फोटो गावच्या ग्रुपवर फिरत होता. खाली कुणीतरी जोडलं होतं : हा रक्त पितो, वामेच्या पोटात पिल्लं सोडतो, वाम खाऊ नका.

दिशाची आई कोकिळा बाजारात मासळी विकायची. त्या दुपारी ती भरलेली टोपली तशीच घेऊन आली.

“वामेला कोनी हात लावत न्हाय,” ती म्हणाली. “शेजारच्या नीराबाईच्या सुनेनं तर घेतलेली परत आणून दिली. पोटुशी हाय ना ती.”

दिशाने हातातला घास ताटात ठेवला. “आये, तो फोटो मी टाकलाय.”

कोकिळाने टोपली खाली ठेवली आणि विचारलं, “असतो का तसला मासा?”

“असतो. पण थंड मुलखात. पिल्लं नदीच्या गाळात पुरून राहतात, आंधळी, वर्षानुवर्षं. दात नसतात, चिखलातलं गाळून खातात. मग डोळे उघडतात, दात फुटतात. बरेचसे समुद्रात जाऊन माशांना चिकटतात. शेवटी नदीत परत येतात, काही न खाता. अंडी घालतात आणि मरतात.”

“मग हे लिवायचं होतंस.”

दिशाने लगेच खुलासा टाकला. तो कुणी पुढे पाठवला नाही. म्हणून रविवारी ती आईशेजारी बाजारात बसली आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिली. नीराबाईने सगळं ऐकून घेतलं.

“फोटो खरा हाय ना पण?”

“खरा आहे, मावशी. इथला नाही.”

नीराबाईने बांगडे घेतले. बाजूच्या दोघी कोळणींनी आपल्या टोपल्या जरा लांब सरकवल्या. फोटो कुणी टाकला, ते त्यांना कळलं होतं.

पुढचे तीन रविवार दिशा गेली. चौथ्या रविवारी एका बाईने वाम उचलली. “पोट फाडून दाखव आधी.”

कोकिळाने कोयती चालवली, पोट उघडलं, बोटांनी आतडी बाजूला केली. बाई वाकून निरखत राहिली. मग म्हणाली, “ती दुसरी पण फाड.”

कोकिळाने दिशाकडे न बघता दुसरी वाम ओढली.