फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात

घाटंजीच्या 'पहाटवारा मित्र मंडळ' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मोहिउद्दीन झाला, यात त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता. मूळ अ‍ॅडमिन भीमसिंग. हळदीचा काढा उपाशीपोटी घ्यावा की जेवण झाल्यावर, यावरून त्यांचं ग्रुपवर बिनसलं आणि जाताजाता अ‍ॅडमिनपद मोहिउद्दीनच्या गळ्यात टाकून ते निघून गेले. मोहिउद्दीन मोटारपंपाचं वाइंडिंग करणारा माणूस. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. ग्रुपवर त्याने तोवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. अ‍ॅडमिन होण्यासाठी याहून मोठी लायकी कोणाकडेच नव्हती.

मंडळ निघालं होतं पहाटे फिरायला जाण्यासाठी. पहिले काही दिवस लोक फिरले. पुढे फिरण्याचे फायदे एकमेकांना पाठवू लागले. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळा तापला तशी फुलं आणि सूर्योदय मागे पडले आणि श्रद्धांजल्या पुढे आल्या. माणूस सकाळी उठून आधी कोण गेलं ते पाहायचा, हात जोडलेलं चित्र टाकायचा आणि मग दात घासायचा. कोणी नातवाच्या बारशाचा फोटो टाकला, तर त्याखालीही तिघांनी सवयीने हात जोडून ठेवले. बारशाच्या आजोबांनी त्यांचे आभार मानले.

या ग्रुपचा खरा प्राण म्हणजे मोहिउद्दीनचे जुने दोस्त रामराव. कापूस, सोयाबीन, तूर आणि व्हॉट्सअ‍ॅप, अशी त्यांची चार पिकं होती. त्यातलं चौथं बारमाही. वाफ कशी घ्यावी, पालथं कसं झोपावं, कोणत्या देशात काय औषध निघालं, सगळं रामरावांकडून यायचं. पालथं झोपण्याचा व्हिडिओ त्यांनी ग्रुपवर टाकला आणि त्याच आठवड्यात यवतमाळच्या एका दवाखान्यात, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून, स्वतःच पालथे झोपले. हातात फोन होता. तेवढ्या एकाच नातेवाइकाला आत जाऊ देत होते.

इकडे घरी त्यांची बायको कोकिळा आजारी पडली आणि बुधवारी सकाळी गेली. 

अमरचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला तेव्हा मोहिउद्दीन दुकानाचं शटर अर्धं पाडून आत बसला होता.

"चाचा, ग्रुप बंद करा."

"काय झालं रे?"

"आई गेली."

अमर बोलतच राहिला, थांबला असता तर मोडला असता.

"बाबाचा ऑक्सिजन कालपासून खाली-वर होऊन राह्यला. डॉक्टर म्हणते, मन खुश ठेवा त्यायचं. चाचा, आता कोणी ना कोणी तिथं हात जोडन. बाबा दिवसभर तेच पाहून राह्यते. त्यायले नाही समजलं पायजे."

मोहिउद्दीनने चष्मा पुसला आणि शबानाला, बायकोला, हाक मारली. कारण ग्रुप बंद कसा करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तिलाही ठाऊक नव्हतं. पण दोघांनी मिळून शोधलं. खाली करड्या अक्षरांत पट्टी आली: फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात.

मग तो स्मशानाकडे गेला.

दुपारी परत आला तेव्हा रामरावांचा मेसेज पडला होता. 'अबे, मलेच बंद केलं का?'

'सगळ्यायले केलं,' मोहिउद्दीनने लिहिलं. 'वरून हुकूम आला.'

वरून म्हटल्यावर रामरावांनी पुढे विचारलं नाही. पण थोड्या वेळाने आलंच : 'मंग तूच टाक काही. इथं छताचा पंखा पाहून राह्यलो.'

आता आली पंचाईत. ग्रुप मुका ठेवला तर रामरावांना संशय येणार, आणि बोलायचा अधिकार उभ्या मंडळात एकट्या मोहिउद्दीनला. त्याने जन्मात विनोद सांगितला नव्हता. कोणी सांगितला तर सगळे हसून झाल्यावर तो हसायचा, तेही शेजारच्याकडे पाहून. शबानाने कुठून कुठून चुटकुले गोळा करून दिले. नवरा-बायकोचे तो गाळायचा. दवाखान्याचे गाळायचा. उरायचे ते हत्ती-मुंगीचे. गुरुवारपासून यवतमाळपर्यंत घाटंजीहून हत्ती आणि मुंग्या जाऊ लागल्या.

आणि ग्रुपचं दार बंद म्हणून लोक मागच्या दाराने येऊ लागले. कोकिळावहिनीसाठी जोडलेले सगळे हात एकट्या मोहिउद्दीनच्या फोनवर येऊन पडले. ज्यांना ती ताक पाजायची ते, ज्यांची पोरं तिने पोटाशी धरली होती ते. एका बाईने नुसतं लिहिलं, 'माझी कढई त्यांच्याकडंच राहिली, पण आता मागणार नाही.' तो एकेक वाचायचा, चष्मा पुसायचा आणि हत्तीचा शोध घ्यायचा. जेवताना तो फोन ताटाजवळ पालथा ठेवी, आणि घास तोंडाशी नेता नेता उलटा करून पाही.

"ठेवून द्या ना ते बाजूला," शबाना म्हणाली.

"तो जागा असन तिकडं."

शनिवारी रामरावांनी मुद्द्याला हात घातला. 'तुही वहिनी फोन उचलत नाही. अमर म्हणते, पाण्यात पडला. तू जाऊन तिचा आवाज तर पाठव.'

'गल्ली बल्ल्या लावून बंद हाय,' मोहिउद्दीनने कळवलं. हे खरं होतं. गेल्या काही दिवसांत लिहिलेलं तेवढंच खरं होतं.

'बल्लीच्या इकडून आवाज दे. तिले दोन गल्ल्यांवरून ऐकू येते.'

रविवार त्याने कसाबसा टाळला. सोमवारी सकाळी अमरचा फोन आला. रात्री बाबांनी मास्क काढून टाकला होता, घरी जातो म्हणाले. आकडा खाली गेला, दोघांनी धरून परत लावला. "चाचा, काहीतरी करा ना."

मोहिउद्दीन दुकानात जाऊन बसला. समोर कोणाची तरी मोटार उघडी पडली होती. त्याने कोकिळावहिनीच्या नावावर बोट ठेवलं. तिला लिहायचा कंटाळा. जे असेल ते बोलून पाठवायची, आणि बहुतेक वेळा ते मोहिउद्दीनला रागावणंच असायचं. दोस्ताचे सगळे गुन्हे ती त्याच्या खात्यावर लावायची. त्याने दोन-तीन आवाजांची सुरुवात ऐकली. पुढे ऐकवेना. मग एक असा सापडला, ज्यात तिचा आवाज हसरा होता. शेवटपर्यंत न ऐकताच त्याने तो यवतमाळला पाठवून दिला. वर लिहिलं, 'वहिनीनं शेजारच्या फोनवरून पाठवला.'

"मोहीभाऊ, तुमच्या दोस्ताले धाडा आता घरी. काहून अडकवून ठेवलं? त्यायच्याबिगर घरात करमत नाही मले, पण सांगू नोका, डोक्यावर बसन माणूस. तुरीच्या शेंगा उकडल्या मीठ टाकून, थंड्या होऊन राह्यल्या. तुम्हीबी या, शबानालेबी आणा."

दोन निळ्या खुणा उमटल्या. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मोहिउद्दीनला हायसं वाटलं. उठून तो पाणी प्यायला, आणि फोन वाजला.

मास्कमधली हवा आधी ऐकू आली.

"मोही."

"बोल भाऊ. कसं हाय आता?"

"मे महिना हाय ना रे?"

"हो."

"वावरात तुऱ्हाट्याबी नाही राह्यल्या. हिरव्या शेंगा तिनं कुठून आणल्या?"

मोहिउद्दीन दरवर्षी डिसेंबरात रामरावांच्या अंगणात बसून त्या शेंगा खायचा, सालपटांचा ढीग घालायचा. पण शेंग त्याच्यापर्यंत उकडूनच येई. ती कोणत्या महिन्यात येते याचा विचार त्याने कशाला केला असता?

"फ्रिजातल्या असतीन," तो म्हणाला.

मास्क सूं सूं करत राहिला.

"अबे, खोटं बोलता येत नाही तर कायले बोलतं? कवा गेली?"

खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. "बुधवारी. सकाळी."

"अन् तू तवापासून हत्ती-मुंगी पाठवून राह्यला."

"हो."

"एकबी हसण्यासारखा नव्हता."

"माहीत हाय, भाऊ."

पलीकडे खोकला आला. बराच वेळ गेला नाही. कोणी बाई म्हणाली, काका, फोन ठेवा. काकांनी ठेवला नाही.

"मातीले कोण होतं?"

"अमर होता. प्लास्टिकचे कपडे घातलेले चौघं होते. मी फाटकाबाहेर उभा होतो. आत नाही जाऊ दिलं."

"साडी कोणती होती?"

"दिसली नाही रे. बांधून होती."

"हं," रामराव म्हणाले. मग पुन्हा, "हं."

"अमरले बोलू नोको काही," मोहिउद्दीन घाईने म्हणाला. "तुह्यासाठीच केलं त्यानं."

"पोरगं तिकडं काचेबाहेर उभं राहून मले हात दाखवते, हसते. मले वाटे, याले झालं तरी काय?" श्वास लागला म्हणून ते थांबले. "मीच सांगतो त्याले. आता हसू नोको म्हणतो, बापा."

"मास्क नोको काढू, भाऊ. मी हात जोडतो."

"नाही काढत. तिचे आवाज हायत का आणखी?"

"हायत. पण सारे मले रागावण्याचेच."

"पाठव. सगळे."

मोहिउद्दीनने शटर खाली ओढलं. एकेक पाठवू लागला. मिक्सर अजून दुरुस्त केला नाही म्हणून रागावलेली कोकिळा. रामराव जेवताना व्हिडिओ पाहतात, तुम्ही दोस्त कायले झाले म्हणून विचारणारी कोकिळा. ईदच्या शिरखुर्म्यात साखर जास्त झाली, शबानाला नाही, तुम्हाला सांगते, म्हणणारी. प्रत्येकापुढे दोन खुणा निळ्या होत. पुरा ऐकून होईल इतका वेळ तो थांबे आणि पुढचा पाठवी. एकदा रामरावांनी लिहिलं, 'मिक्सरचा परत पाठव.' त्याने परत पाठवला.

शेवटी एक उरला, फार लांब नसलेला. रामराव दवाखान्यात भरती झाल्यानंतरचा.

"मोहीभाऊ, मले जरा ताप हाय. त्यायले सांगू नोका. उगाच तिकडं जीव टांगणीले लागन. उतरते एक-दोन दिवसात." आणि मध्ये खोकला.

मोहिउद्दीनने सांगितलं नव्हतं. त्याने तिचं ऐकलं होतं. आयुष्यात तिचं एवढंच एक काम त्याने वेळेवर केलं होतं. त्याचा अंगठा त्या आवाजावर थबकला. सगळे, असं रामराव म्हणाले होते.

त्याने पाठवला.

खुणा निळ्या झाल्या. वर रामरावांच्या नावाखाली आलं: रेकॉर्ड करत आहे. ते गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मोहिउद्दीन अंधाऱ्या दुकानात, उघड्या मोटारीशेजारी, फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिला. शबाना जेवायला बोलवायला आली आणि त्याच्याकडे पाहून शेजारी बसली.

"काय म्हणून राह्यले भाऊ?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"बोलतो म्हणते," मोहिउद्दीन म्हणाला. "पण बोलून नाही राह्यला."